फाटक

आमच्या फ्रिजवर पतपेढीचं कॅलेंडर आहे,
त्यावर चार रंगांची चार माणसं.
निळा निहार : अबॅकस, स्केटिंग, फोनिक्स.
हिरवी ऋजुता : स्कॉलरशिप, कथक, पुन्हा स्कॉलरशिप.
काळ्या शाईत ह्यांची दीपनगरची शिफ्ट.
आणि लाल मी.
लाल शाईत अक्षर एकही नाही, नुसते बाण.
याला सोड, तिला उचल.

परवा बुधवारी, पाच पन्नासला,
भुसावळच्या जुन्या रस्त्याचं फाटक
अगदी आमच्या नाकासमोर पडलं.
मी मुलांदेखत बोलू नये ते बोलले.
सरांना मेसेज टाकला : पाच मिनिटं.
आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरलेली थाप.

मालगाडी आली, अर्धी गेली,
आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे,
तिथेच उभी राहिली.

कडेला सुपात बोरं घेऊन एक बाई बसलेली.
मी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तशी म्हणाली,
"घाई कसानी शे माय?"
माझ्याकडे उत्तर होतं, तासावारी, मिनिटावारी.
ते तोंडात आलं आणि कळलं,
हिने विचारलंय ते हे नाही.
मी पावशेर बोरं घेतली.

स्कूटर बंद केली.
बंद स्कूटरवर तिघं बसलोय
असं कधी झालं होतं, आठवेना.

गळ्यात स्केट्स अडकवून निहार डबे मोजू लागला.
तीन आकडी बेरजा मनात करणारा पोरगा
अडतीसला अडला.
"थर्टी नाइन म्हणजे काय गं?"
"एकोणचाळीस."
"मग फोर्टी नाइन चाळीस-नऊ का नाही?"
बोरवाली इतकी हसली
की सुपातली दोन बोरं रुळाकडे घरंगळली.

ऋजुता माझ्याकडे पाठ करून,
गालात बोराची बी, घुंगरांची पिशवी पायाशी,
सहज बोलल्यासारखी बोलली :
दिवाळीपासून मी शेवटच्या रांगेत आहे.
माझ्या पोटात धस्स झालं, तोवर पुढचं आलं :
मीच मागितली. तिथून खिडकी दिसते.
समोरच्या गच्चीवर एक काका कबुतरं सोडतात,
सगळी परत येतात, एक पांढरं उशिरा येतं.
ते येईपर्यंत माझा ताल चुकतो.

मी विचारलं, रोज येतं का?
ती म्हणाली, आतापर्यंत तरी.
चार महिने रोज मी तिला त्या दारातून उचलते.
वर कधी बघितलं नाही.

गाडी हलली. फाटक उघडलं.
मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ,
आणि सगळ्यात पुढे मी.
स्कूटर ढकलत कडेला घेतली,
सगळ्यांना जाऊ दिलं.
एक रिक्षावाला जाता जाता म्हणाला,
"वहिनी, पेट्रोल संपलं का?"
मी हो म्हटलं. समजावत कुठे बसू.

रात्री बुधवारचं स्केटिंग खोडलं.
हे म्हणाले, मार्चपर्यंतची फी भरलीय.
म्हटलं, भरलीय खरी.
पुढे कुणीच काही बोललं नाही.
भाकरी करपत होती, तिकडे धावले.

निहार पेन घेऊन आला :
इथे लिही, फाटक.
मी लिहिलं : फाटक, पाच पन्नास.
तो बराच वेळ बघत राहिला.
"वेळ खोड. गाडीला कुठे माहीत असते?"
शाईचं पेन, खोडायला गेले तर
गोल लाल डाग पडला.
ऋजुताने त्याला एक देठ काढला,
झालं बोर.

गुरुवारचं अजून बघायचंय.