कल्ला

गिऱ्हाइकाला बांगडा दाखवायचा तर
अंगठ्याने कल्ला उचलायचा.
आत लाल असलं की पुढे बोलावं लागत नाही.
सत्तावीस वर्षं मी देवगडच्या बंदरावर
लाल दाखवून पोट भरलं.

त्या पहाटे मागच्या न्हाणीत
माझंच लाल मला दिसलं.
आधी वाटलं, रात्रीची सोलकढी.
मग वाटलं, पाळी.
पण तिला जाऊन तीन गणपती झाले.
पाणी ओतलं. लाल फिकं झालं, मग गुलाबी,
कोलंबी धुतलेल्या पाण्यासारखं.
दुखत काहीच नव्हतं.
नवरा खोल पाण्यात, जाळ्यावर.
मी पाटी उचलली आणि लिलावाला गेले.

नऊच्या सुमाराला कळ आली.
दोन बाळंतपणं झालीत माझी,
त्यात मधे दम तरी खाता येतो.
ही पाठीतून निघाली, जांघेत उतरली,
आणि तिथेच बसली, ठाण मांडून.
मी बर्फाच्या पेटीला टेकले.
“तोंड कित्याक असा पांढरा पडला गो, सुगंधा?”
रोहिणी कुबल म्हणाली.
तिने कुळथाचं कढण सांगितलं,
चंद्राकाकीने पानफुटीची पानं.
रगत येता काय, हे कोणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
बांगड्याचा कल्ला चारचौघांत उचलतो आपण.

कणकवलीच्या एस्टीत
प्रत्येक खड्डा माझ्या खड्याला ओळखत होता.

पडद्यावर अवसेच्या दर्यासारखा काळोख,
त्यात एक पांढरा ठिपका,
कुणाच्या तरी होडीची बत्ती.
“साडेपाच मिलिमीटर,”
डॉक्टरबाई म्हणाली, माझ्या पोरीच्या वयाची.
“गुळगुळीत नाही, काटेरी आहे.
सरकतो तेव्हा नळीला ओरबाडतो.
रक्त तिथलं.”
कर्लीचा काटा, मी मनात म्हटलं,
फक्त घास उलट्या वाटेने गेलेला.
“पण लाल दिसलं त्याच दिवशी यायचं,” ती म्हणाली,
“दुखेपर्यंत थांबायचं नाही.
दरवेळी खडाच असतो असं नाही.”
मग पेनाचं टोपण काढून,
“दिवसाला पाणी किती पिता?”

मी मोजलं.
पहाटे चारला चहा.
दुपारी दोनला, घरी गेल्यावर, तांब्याभर.
“मधे?”
मधे नाही.
“का?”

तिचा का ऐकून मला हसू आलं, त्या कळेतसुद्धा.
बंदरावर पुरुषांना भिंत आहे,
भिंतीची मागची बाजू आहे,
होडीची कड आहे, अख्खा दर्या आहे.
आम्हा चाळीस बायकांना एक संडास,
त्याला कुलूप.
चावी सोसायटीच्या ऑफिसात,
ऑफिस उघडतं अकराला.
तहान मारणं मी सासूकडून शिकले,
जशी इसवणाच्या तुकड्या पाडायला शिकले.
ती तिच्या सासूकडून.
हे सगळं त्या पोरीला काय सांगू?
“सवय नाय,” एवढंच म्हटलं.

नवव्या दिवशी गाळणीत टक् वाजलं.
तूरडाळीच्या दाण्याएवढा, तांबूस,
अंगभर खरखरीत.
धुतला. मासे तोलायच्या तराजूत टाकला.
पारडं हललंच नाही.
इतका कल्ला करून वजन काही नाही.

गोळ्यांच्या कागदात गुंडाळला
आणि अकरा वाजता ऑफिसात जाऊन
सेक्रेटरी जुवाटकरांच्या टेबलावर उलगडला.
त्यांनी चष्मा वर केला,
वाळू समजून फुंकर मारली.

मी लादीवर बसून शोधायला लागले,
फायलींच्या मधे, खुर्चीच्या पायाशी,
त्यांच्या चपलेच्या शेजारी.
दारात रोहिणी, तिच्यामागे काकी.
“काय शोधतंस गो?” ते म्हणाले.
“चावी,” मी म्हटलं, “आणि बेगीन दी.”

कमरेशी पाण्याची बाटली होती,
अर्धी संपलेली.