ट्रेसर

विर्त्सूच्या धक्क्यावर बोटीत चढताना
तिकीट तपासणाऱ्या पोरानं विचारलं, एकट्याच?
म्हटलं, एकटीच.
त्याला पुढे काहीच विचारायचं नव्हतं.
मी मात्र घरून निघाल्यापासून घोकत आले होते :
नवरा? आहेत. मुलगा? आहे, नोकरीत.
कशाला? चित्रं काढायला. या वयात? हो.
सगळी उत्तरं पर्समध्ये तशीच राहिली,
बदलून न घेतलेल्या नोटांसारखी.

मारिकाचा वर्ग म्हणजे होड्यांचं जुनं गोदाम.
डांबराचा वास, लांबच लांब टेबल,
लोणच्याच्या बरण्यांतून पाणी.
आम्ही सहाजण. लात्वियाची झिंत्रा,
जन्मभर लोकांचे दात काढलेली.
फिनलंडचा इल्का, बोलला तर ब्रशाशी.
प्रत्येकानं सांगायचं, आधी काय करत होता.
मी म्हटलं, रेघा ओढत होते.
त्यांना तो विनय वाटला.

पाटबंधारे खातं, नकाशा शाखा, एकतीस वर्षं.
खाली साहेबांची पेन्सिल, वर ट्रेसिंगचं कापड,
त्यावर माझी शाई.
कालवे, पोटचाऱ्या, मोऱ्या, सांडवे,
एकही माझा नाही.
उजव्या कोपऱ्यात चौकट :
आखणार, तपासणार, मंजूर करणार.
सगळ्यांत खाली ‘ट्रे.’ आणि नखाएवढी जागा,
तिथं मी सु. ग. लिहायचे.
थेंब सांडला तर ब्लेडनं खरवडायचा, श्वास धरून.
कापड फाटलं
तर कालवा पुन्हा धरणापासून.

पहिल्याच दिवशी मारिका मागे येऊन उभी राहिली.
मी समोरचं दगडी कुंपण काढत होते,
एकेक दगड, कडेसकट,
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात तशी.
ती काही बोलली नाही.
बरणीतलं चमचाभर पाणी
माझ्या कुंपणावर सोडलं.

माझा हात ब्लेडसाठी खिशात गेला.
खरंच गेला.
निवृत्त होऊन चार वर्षं झालीत.

दगड वाहायला लागले.
जांभळे झाले, मग करडे, मग कुठलेच नाहीत.
ती म्हणाली, बघ आता, कुठं थांबतायत ते.

या दिवसांत इथं रात्र पडत नाही.
सूर्य गेल्यासारखं करतो
आणि समुद्राच्या कडेकडेनं
उत्तरेकडून परत येतो,
काहीतरी विसरल्यासारखा.
फोनवर ह्यांनी विचारलं, जेवतेस काय?
काळा पाव, बटाटे, शेपू.
शेपू? तिथंही?
सगळ्यावर शेपू, म्हटलं. सुटका नाही.
खूप हसले. गेल्या कित्येक वर्षांत
एवढे हसलेले मला आठवत नाहीत.
चित्राचं त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही; सांगण्यासारखं
ओल्या कागदाशिवाय काय होतं?

जिच्याकडे राहते ती लैडा ऐंशीच्या पुढची.
आमच्यात एकच शब्द सामायिक, आइताह,
म्हणजे आभार, तोही मी चुकीचा म्हणते.
सातव्या दिवशी तिनं चित्र पाहिलं.
चष्मा लावून, मग काढून.
मग मला दंडाला धरून खिडकीशी नेलं
आणि बाहेरचं कुंपण दाखवलं :
मध्ये एक खिंडार. दोन हात रुंद.
तिनं ओठ मिटून हंबरून दाखवलं,
कासेखाली हात नेऊन धार काढून दाखवली,
गाय इथून यायची, आता नाही.

आठवडाभर मी त्याच कुंपणासमोर बसत होते.
खिंडार मला दिसलंच नव्हतं.
की दिसलं, आणि सवयीनं
रेघ जोडून घेतली?

लैडानं अंगठा जिभेला लावला
आणि माझ्या ओल्या रंगात, बरोबर जागी,
दगड पुसून टाकले.

आइताह, मी म्हटलं. या वेळी बरोबर आला असावा.

मग कोपऱ्यात नाव घालायला पेन्सिल घेतली,
तर हातानं आधी चौकटच आखली.
तपासणार : लैडा, एवढं लिहिलं.
बाकीच्या जागा कोऱ्या ठेवल्या
आणि अंगठा वाळेपर्यंत बसून राहिले.
अंधाराची वाट बघायची नव्हतीच.