ऐकण्यापुरती वीज

मोटरीची बॅटरी कुणीही निवडेल, नाखवाचाचा म्हणतात.
ती पैलवान. वजन बघा, पैसे मोजा, उचला.
पण रिसीव्हर?
होडीच्या पोटात नुसता कान देऊन बसलेला तो काड्यापेटीएवढा जीव,
त्याला काय खायला घालायचं
यात माणूस कळतो.

शुक्रवारची रात्र. उम्म अल कुवैन. एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
मल्याळी वर्तमानपत्रावर सेल मांडलेत, सुकत घातलेल्या बोंबलांसारखे
एका दिशेला तोंड करून.
चार की पाच?
चार म्हणजे चार पूर्णांक आठ. पाच म्हणजे सहा व्होल्ट.
"कागदावर," चाचा म्हणतात,
आणि मीटरशेजारी टॉर्चचा बल्ब जोडतात.
काही उचलायचं नसलं की सगळेच ताठ उभे,
बल्ब लावला की समजतं कोण गुडघ्यात वाकतो.

लिथियमची पुडी त्यांनी ऑगस्टमध्येच बाद केली.
गाडीत राहिली होती, दुपारभर, काचा बंद.
संध्याकाळी फुगून पुरीसारखी झालेली.
शिवाय तिचे आठ व्होल्ट या म्हाताऱ्या सर्व्होला झेपत नाहीत,
मग मध्ये रेग्युलेटर घाला,
"म्हणजे बिघडायला आणखी एक जागा."
स्प्रिंगवाला डबाही नको:
खाऱ्या हवेनं महिन्यात हिरवा होतो.
सव्वीसशेचे सेल नकोत, दोन हजारचे द्या,
जे कमी सांगतात आणि कपाटात पडून राहिले तरी
सांगितलेलं विसरत नाहीत.

डाग मी देते. त्यांचा हात थरथरतो.
दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवणारी मी,
इथे पाच सेलांना एका रांगेत बांधते,
धन ऋणाला, धन ऋणाला.
"हेमांगे, कथील चमकलं पाहिजे.
मळकट दिसलं तर पुन्हा."
दोनदा पुन्हा केलं.
दीडशे ग्रॅमचा तो गठ्ठा मग कण्याच्या अगदी तळाशी गेला.
वजनच आहे तर कामाला लावा.

सकाळी खाडी घोटाभर, पलीकडे तिवरं,
एक बगळा, बाकी कोणी नाही.
मचवा सोडला. सागाचा, हातभर लांब,
परबाण तिरकं, शीड त्यांच्या बायकोच्या जुन्या ओढणीचं.
पहिली झुळूक घेतली तशी तो कलला,
आणि मी मनातल्या मनात मीटरच बघत होते:
विंच दोरी ओढतेय, आता व्होल्ट पडतील, आता पडतील...
मागल्या वर्षी चारच सेल होते.
असाच वारा आला, विंचनं सगळं पिऊन टाकलं,
रिसीव्हर बहिरा झाला
आणि मचवा कुणाचंही न ऐकता सरळ निघाला.
कोळ्यांच्या जाळ्यात मिळाला, खेकड्यांसकट.

आज वळला.
सांगितल्याबरोबर वळला.

मग वारा फिरला. शमाल, एकदम, पाठीमागून.
"चाचा, दोरी सोडा!"
चाचा पाण्याकडे बघून हसतायत.
"चाचा! वारा!"
हसतायतच.
मी पाण्यातून पळत गेले, चपला कुठे राहिल्या कोण जाणे,
त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून कांडी खाली ओढली.
शीड फडफडलं. मचवा उभा राहिला, पाणी झटकत.

तीस वर्षं टगबोटींच्या इंजिनरूममध्ये काढलेली माणसं
अशीच वाऱ्याकडे पाठ करून हसतात.
मी त्यांच्या डाव्या कानातलं यंत्र काढलं,
झाकण उघडलं.
आत मसुरीच्या डाळीएवढा सेल. मेलेला.
"कधीपासून?"
ओठ वाचून म्हणाले, "मंगळवार असेल."
"आणि सांगितलं नाहीत?"
"तुम्ही सगळी ओरडताच की."

खिशातून त्यांनी मीटर काढला. खरंच, मीटर.
डाळीएवढ्या सेलाला दोन्ही टोकं लावून बघितली,
मान हलवली,
आणि मला, वाकलेल्याच आवाजात, खूप मोठ्यानं विचारलं,
"याला बल्ब कुठला लावायचा?"

मचवा तेवढ्यात आपणहून काठाला आला होता.
त्याच्या पोटात पाचही सेल
अजून गार.