बॅच नंबर

बाथरूमच्या फरशांचे सांधे वाकडे दिसू लागले
तेव्हा मी आधी गवंड्याला फोन केला.
छत्तीस वर्षं भोसरीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो.
वाकडं दिसलं तर दोष कामात,
बघणाऱ्यात नाही, हा माझा नियम.
गवंड्यानं दोरी धरली, ओळंबा सोडला,
आणि पैसे न घेता गेला.

आज आठवं इंजेक्शन. टिळक रोड, तिसरा मजला.
उजव्या भुवईवर पेनाचा बाण.
सिस्टर उजगरे विचारतात, कुठला डोळा?
दहा मिनिटांनी पुन्हा, कुठला?
सून वैतागते. मला बरं वाटतं.
आमच्याकडेही दोनदा मोजल्याशिवाय सही नव्हती.

पहिल्या खेपेला विचारलं होतं,
यानंच डोळा गेला तर?
डॉक्टर मुळगुंद "छे हो" म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, दोन-तीन हजार सुयांमागे एखाद्याला
आत जंतुसंसर्ग होतो.
नाही टोचलं, तर मधलं सगळं हळूहळू जाईल.

दोन हजारांत एक!
लाइनवर असा आकडा आला असता
तर मी पेढे वाटले असते.
पण तिथला नापास पिस्टन
लाल खोक्यात पडायचा,
घरी कुणी त्याच्यासाठी ताट वाढून बसलेलं नसायचं.

मी बॅच नंबर विचारतो.
सिस्टर वाचून दाखवतात, सून डायरीत लिहिते.
माझं अक्षर आता रेघेवर राहत नाही.

बधिर करणारे थेंब. मग बेटाडीन.
झोंबतं ते हेच, सुई नव्हे.
झोंबू दे, म्हणतो मनात, नीट झोंबू दे.
मग सगळे गप्प. तोंडातला वारासुद्धा नको.
खाली रिक्षावाला कुणाला तरी शिव्या देतोय
तेवढंच पुणं आत येतं.
एक दाब.
एक काळा बुडबुडा नजरेच्या तळाशी डुलत राहतो.

बाहेर बाकावर कोंढव्याच्या झुलेखाबी.
त्यांना ठाऊक आहे तो आकडा,
त्या आकड्यातला एक त्याच आहेत.
तिसऱ्या रात्री डोळा ठणकला, लाल झाला.
शेजारी म्हणाले, सोमवारी बघू.
दुखलं तर लगेच या, असं कागदावर होतं म्हणे,
मुंगीएवढ्या अक्षरात,
आम्हालाच दिलेल्या कागदावर.
नातवानं वाचला, रविवारीच गाडी काढली.
त्या डोळ्यानं आता उजेड कळतो, हललेला हात कळतो.

आज दुसऱ्या डोळ्यासाठी आल्यात.
मला काय बोलावं सुचेना.
त्याच म्हणाल्या, "यानं अजून बसचा नंबर दिसतो, भाऊ,"
आणि हाक आल्यावर उठल्या,
दाराची चौकट चाचपत.

फ्रिजवर चौकोनांचा कागद लावलाय.
सकाळी डावा डोळा झाकून बघतो.
ठिपक्याच्या शेजारी तीन रेघा वाकायच्या,
आता दीड.
पास म्हणवत नाही.
रिजेक्टही नाही.
रिवर्क, असं म्हणतो,
आणि चहा ठेवतो.