राखाडी

आत्या लिहायची ते टेबल हिरवं होतं.
एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा,
समोर खिडकी, खिडकीत चिलोएचं पाणी:
भरतीला दाराशी येऊन उभं राहणारं
आणि ओहोटीला अर्धा मैल चिखल मागे टाकून
जणू काही बोलायचं नव्हतंच, असं निघून जाणारं.

ओतिलिया लेविकोय. पुस्तकं पाच.
गावात ती नावांनी कुणी ओळखत नसे.
हे पाळण्यातल्या पोराचं,
हे नवऱ्याचं, ते लाल पुठ्ठ्याचं म्हातारीचं.
दुकानदार म्हणायचा,
ओतिलियाच्या घरात कुणी खोकलं
की तिकडे सांतियागोत छापखानेवाले शाई मागवतात.
हसायचे सगळे. तीही हसायची,
उधारीवर मीठ घेऊन जायची.

तिसरं माझ्या बाबांचं.
बेलार्मिनो, वय एकतीस, शिंपले काढायला बुडी मारणारा.
होडी सापडली, तेव्हा मी चार वर्षांची.
मला ते पान त्रेचाळीसपासून ठाऊक आहेत.
निळा स्वेटर. धक्का उतरताना शीळ.
ती शीळ मी शिकले, छापील अक्षरांवरून,
चाल माझ्या मनची.

पुस्तक घरी आलं तेव्हा आई बटाटे सोलत होती.
म्हणाली, समोरचा दात नव्हता त्याला,
शीळ कुठली घालतोय.
मग बऱ्याच वेळाने,
स्वेटर राखाडी होता. मी विणलेला.
लंगड्या मेंढीची लोकर, रंगवली पण नव्हती.
बटाटे संपले तरी सुरी चालूच होती.
त्यानंतर अकरा वर्षं नणंदेशी बोलणं नाही.
लोकांना वाटलं, जमिनीचं काही असेल.

मग तो हिवाळा. आईला ताप.
रात्री ग्लानीत मला म्हणते,
अगं, त्याचा निळा स्वेटर बाहेर राहिला,
आत घे, भिजेल.
आणि स्वतःचाच आवाज ऐकू आल्यासारखी थांबली.
भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

उजाडताच चिखल तुडवत मी आत्याकडे गेले. भांडायला.
म्हटलं, तू माझ्या आईचा नवरा नेलास,
तिच्या डोक्यात आता तुझा माणूस राहतो.

आत्याने चुलीत लाकूड सारलं.
पलंगाखालून सफरचंदांची पेटी ओढली,
सफरचंदं एकेक करून बाजूला ठेवली,
घाई नव्हती तिला कसली.
तळाशी राखाडी. एक बाही दुसरीहून लांब.
आईचं विणकाम, लपत नाही.

त्या पहाटे भिजून इथे आला, म्हणाली.
हा चुलीपाशी टाकला,
माझ्या मेलेल्या नवऱ्याचा निळा चढवला आणि गेला.
हे सांगितलं असतं तर तुझ्या आईला जन्मभर वाटत राहिलं असतं,
शेवटी त्याला गारठलं तेव्हा तिची लोकर अंगावर नव्हती.
त्यापेक्षा मी खोटारडी बरी.

आणि शीळ?

शीळ माझी.
दात पडल्यापासून त्याला जमेना, चिडायचा.
म्हटलं, पुस्तकात तरी घालू दे.

एक सफरचंद तिने माझ्या हातात दिलं.
त्याला लोकरीचा वास होता.
मी परतले तोवर पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं.
आईने विचारलं, कुठे गेली होतीस?
म्हटलं, पाय मोकळे करायला.
माझी पहिली गोष्ट ती.

आत्या गेली. गेल्या ऑगस्टात आईही.
आता सांगता येतं, म्हणून सांगते आहे;
म्हणजे लिहिते आहे,
आणि त्यात फरक असतो, हे मला त्या घरात कळलं.

टेबल हिरवं नव्हतं.
कुठल्या रंगाचं होतं ते माझ्यापाशी राहू द्या.
पुठ्ठा मात्र खरा.