सात धुतलं

रविवारी सुट्टी लॅबला असते, पेशींना नाही.
रमणभाई कुलूप काढून देतात,
"बेन, आजे पण?" म्हणतात
आणि पायरीवर छापू उलगडून बसतात.

उंदराच्या मांडीच्या हाडातून
सुईनं मगज काढला त्याला आज नऊ दिवस.
पेटीत सदतीस डिग्री.
बाहेर फतेहगंजात चव्वेचाळीस.

जिला बी पेशी व्हायचंय
ती अजून कुणीच नाही.
शेजारची पसरट पेशी तिला चिकटून धरते,
इंटरल्यूकिन सात पाजते थेंबाथेंबानं:
जग. एकाच्या दोन हो, दोनाच्या चार.

मग ती आपलीच जनुकं कापते,
तुकडे जोडते, बहुधा चुकीचे.
रिसेप्टर अर्धाच होतो.
उरलेला अर्धा उसना लावून बघते
बसतंय का ते.
ज्यांचं बसत नाही
त्यांचा सकाळी नुसता चुरा दिसतो.

इतपत पाठ होतं मला.
वहीत पुढची ओळ होती: सात धुऊन टाका.
कारण सात आहे तोवर ती वाढतच राहते,
अर्धं ते अर्धंच.

नाडकर्णी मॅडमना विचारलं होतं, आता धुऊ?
पूर्वी स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करून पाठवायच्या.
महिना झाला, एका ओळीचंही उत्तर नाही.

तीनदा धुतलं.
चौथ्यांदाही, उगाच.

मंगळवारी रमणभाईंनी विचारलं, "थयुं?"
म्हटलं, वाढायच्या थांबल्यात.
लहान झाल्यात, गोल.
आत काहीतरी कापाकापी चाललीये.

त्यांनी पान उलटलं.