पिवळा दोरा

थिओफिल गिद्री तिसऱ्यांदा आला,
मोटर खांद्यावर, तापानं फणफणलेलं पोर आणावं तशी.
"पुन्हा तेच, ओदिल. पहाटे पाण्यात सोडली
की अर्ध्या तासात मान टाकते."

माझी शेड बायूच्या काठाला.
बाहेर सायप्रसची झाडं गुडघाभर पाण्यात,
आत सोल्डरचा वास आणि छताचा पंखा,
जो मी आजवर दुरुस्त केलेला नाही.

बॅटरी दोनदा बदललीय म्हणाला.
मीटर लावला: बारा पूर्णांक सात.
पण निवांत बसलेल्या बॅटरीचं काय खरं धरायचं,
बिनकामाचा माणूसही ताजातवानाच दिसतो.
भार टाकला. आकडा जरासा उतरला, थांबला.
टर्मिनलवरचा हिरवा थर घासून काढला.
फ्यूज शाबूत. वायरी ओढून पाहिल्या,
एकही हातात आली नाही.

"बॅटरीला काही झालेलं नाही."
"मग पहाटे अर्धी कशी असते?"

मी पात्याचा नट सोडवला.
मागे, दांड्याला, गळाचा दोरा,
सील कापून आत घुसलेला, पाण्याला वाट करून देत.
चिमट्यानं उलगडत गेले:
पिवळा, जाड, विणलेला. त्याखाली पारदर्शक, थिओफिलचा.
त्याखाली पुन्हा पिवळा.

या काठावर तसला दोरा एकच माणूस वापरतो.
अल्सीद. सख्खा भाऊ.
आईच्या फ्रीझरवरून भांडले,
त्याला दोन वर्षं झाली.

थिओफिल बघत होता.
मीही बघत होते, चिमट्याकडे.
त्यानं पिवळं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं,
परत गुंडाळलं.
"किती दिवसांचं असेल हे?"
"सील एका रात्रीत कापलं जात नाही," मी म्हटलं.

नवं सील, ग्रीस, चाळीस डॉलर.
बादलीत फिरवून दाखवली,
पाणी गोल गेलं, आवाज नाही.
दोरा बिलात नव्हता; तो त्यानं खिशात घातला.

दारात थांबला.
"दोन बॅटऱ्या एकत्र जोडता येतात का गं?
म्हणजे, जास्त वेळ चालायला."
"येतात. अधिकला अधिक, उण्याला उणं.
आधीची फेकली नाहीस ना?"
"पोर्चवर पडून आहे."
"वयानं सारख्या लागतात पण."
तो जरा विचारात पडला.
"वर्षाचं अंतर आहे."
"चालेल," मी म्हटलं. "बहुतेक."